पट्टी तोडलेली कॅसेट

चिकटपट्टी ओढताना होणारा चर्र आवाज ऐकला, की मला कर्वेनगरच्या आमच्या घरातला तो रविवार आठवतो. तोवरच्या दहा वर्षांतली माझी सगळ्यात लाडकी पॉप गाणी मी एका कॅसेटवर भरून घेतली होती आणि कोणी ती पुसू नये म्हणून कॅसेटच्या मागची प्लॅस्टिकची पट्टी तोडली होती. क्लासहून आले, तर पुन्हा रेकॉर्डिंग करता यावं म्हणून बाबांनी त्या भोकावर व्यवस्थित चिकटपट्टी लावलेली आणि आई टेपरेकॉर्डरपुढे बसून, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेलेल्या दादाला लोणचं मुरल्याची खबर सांगत होती. मी ओरडणार, तोच बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. “तुझी गाणी टीव्हीवर रोज लागतात,” ते कुजबुजले, “आम्ही कुठे लागतो?” भांडायचीही सोय नव्हती, रेकॉर्डिंग चालू होतं. आईच्या प्रत्येक वाक्याखाली माझं एकेक गाणं पुसलं जात होतं. आता दोघंही नाहीत. परवा दादाने ती कॅसेट मोबाइलवर उतरवून पाठवली. शेवटी आई म्हणते, “अहो, तुम्हीही बोला ना.” बाबा घसा खाकरतात, “जेवत जा वेळेवर,” एवढंच म्हणतात आणि खटकन बटण दाबतात. मग माझं लाडकं गाणं मधूनच सुरू होतं आणि टेप संपेपर्यंत वाजत राहतं.