जीप यादीत नव्हती

खांदमळणीच्या दिवशी मी करडईच्या तेलाची बाटली घेऊन माहेरच्या गोठ्यात शिरले, तेव्हा माझा धाकटा भाऊ भंगारवाल्याशी फोनवर बोलत होता. उद्या पोळा आहे, परवा या, असं सांगत होता. गोठ्यात बैल नव्हते, ते कधीच विकले होते. होती ती फक्त आमच्या अप्पांची जीप. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, डावीकडं स्टिअरिंग असलेली, चार दगडांवर उभी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलानं मळतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तेवढाच आराम. अप्पा बैलांचं झालं की जीपकडं वळायचे. तिचा मागचा एक्सल तुटला, सुटा भाग काही मिळेना आणि ती बंद पडली, तरी त्यांनी तिची खांदमळणी सोडली नाही. इंजिनाचे चार प्लग काढायचे, प्रत्येक भोकात घाण्यावरचं घरचं करडईचं तेल चमचाभर सोडायचं आणि मग पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन चार वेळा फिरवायचं. आमच्या घरात दाराच्या बिजागरीपासून आजीच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याला करडईचंच तेल लागायचं, मग जीपला काय दुसरं लागणार होतं?

तेल सोडायचं काम माझं. हँडल मात्र अप्पांनी मला कधी हातात दिलं नाही. ते उलटं मारतं, मनगट मोडतं, बाईमाणसाचं काम नाही, असं म्हणायचे. अप्पा गेल्यावर मी दर वर्षी परभणीहून यायची, प्लग काढायची, तेल सोडायची, प्लग लावायची आणि समाधानानं परत जायची. हँडल भिंतीला खिळ्यावर लटकलेलं असायचं. अकरा वर्षं मी हे केलं.

भावानं फोन खिशात घातला. मी विचारलं, कुणाला विचारून विकतोस? त्याला नवीन ट्रॅक्टर लावायला जागा हवी होती. तो चिडला नाही, उलट समजावल्यासारखा बोलला, आणि तेच मला जास्त लागलं.

"आक्का, तू सही केलीस की. आता हितं तुजं काय राह्यलंय?"

सही केली होती, खरं आहे. अप्पांचा चौदावा झाला आणि पुढच्याच आठवड्यात भाऊ मला तालुक्याला घेऊन गेला. बहिणींनी हक्कसोड द्यायचं असतं. आमच्याकडं बहिणीला कुणी विचारत नाही, फक्त कुठं सही करायची ते बोटानं दाखवतात. मी दाखवली तिथं केली. बाहेर आल्यावर भावजयीनं मला हिरवी साडी नेसवली, सगळे रसवंतीत रस प्यायले आणि मी पाहुणी होऊन घरी आले. तीस वर्षं शाळेत पोरांना सांगितलं, वाचल्याशिवाय सही करायची नाही. स्वतः मात्र एक ओळ वाचली नव्हती.

ती खांदमळणीच्या त्या दिवशी वाचली. परभणीला घरी येऊन कपाटातून नक्कल काढली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली. दुसऱ्या दिवशी पोळ्याला परत गेले. देवळीत मातीचे बैल मांडलेले, भाऊ पुरणपोळी खात बसलेला. मी त्याच्या समोर उभं राहून यादी वाचली. गट नंबर, विहिरीतला हिस्सा, राहतं घर, गोठा, बांधावरची दोन आंब्याची झाडं. आंब्याची झाडंसुद्धा लिहायला विसरले नव्हते.

"सही मी यादीवर केली," मी म्हणाले. "जीप यादीत नाही."

भाऊ हसला. मग माझं तोंड बघून थांबला. दसऱ्यापर्यंत जीप स्वतःच्या इंजिनावर गोठ्याबाहेर काढून दाखव, म्हणाला, नाहीतर भंगारवाला नेईल. मी बरं म्हणाले आणि पोळी न खाताच उठले.

परभणीतल्या दोन गॅरेजवाल्यांनी मला आधी साहेब कुठं आहेत ते विचारलं. साहेब घरी पेपर वाचत होते आणि त्यांना प्लग म्हणजे भिंतीतला एवढंच माहीत होतं. तिसऱ्यानं जिंतूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सांगितलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी असल्याच इंजिनांवर काढली होती. ते एसटीनं आले, खांद्यावर पान्यांची पिशवी. आल्या आल्या त्यांनी खिळ्यावरचं हँडल काढून पुढून घातलं आणि त्यावर सगळा भार टाकला. हँडल केसभर हललं नाही.

मग त्यांनी इंजिनाचं वरचं झाकण खोललं. चारही पिस्टन कशात तरी रुतून बसले होते. तपकिरी, चकचकीत, गुळाच्या पाकासारखं काहीतरी. मिस्त्रींनी नखानं खरवडलं, वास घेतला आणि मला विचारलं, यात काय घालत होता? मी सांगितलं. ते तिथंच उकिडवे बसले आणि पोट धरून हसले.

"बाई, ह्ये रोगन हाय," ते म्हणाले. "आमचा आजा चामड्याच्या मोटंला लावायचा. करडईचं तेल वाळलं की असंच धरतंय."

जिला अकरा वर्षं जपत होते, तिला मी माझ्याच हातानं चिकटवून टाकलं होतं. आणि मग राग आला. अप्पांचा. ते तेल घालून हँडल फिरवायचे, म्हणून तेल कधी बसून वाळलं नाही. मला त्यांनी अर्धंच काम शिकवलं. मुलीच्या हातात बाटली दिली, हँडल दिलं नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी त्या दिवशी गोठ्यात उभी राहून मनसोक्त रागावले.

मिस्त्रींना वाटलं मी रडायलेय. त्यांनी मला जवळ बोलावून सिलिंडरच्या भिंतीवर कापड फिरवायला लावलं. रोगन निघालं तिथं खाली लोखंड चांदीसारखं होतं.

"गंज बघा, हाय का कुठं? गोठ्याच्या वलीत अकरा साल. तुमच्या तेलानंच वाचवलंय हिला."

तेव्हापासून दसऱ्यापर्यंत मी रोज पहिल्या एसटीनं गावी जायची. सिलिंडरमध्ये डिझेल आणि थिनर भरायचं, भिजू द्यायचं, पुसायचं, परत भरायचं. मिस्त्री एक दिवसाआड यायचे. वायसर, गॅस्केट, पान्यांचे नंबर, सगळं मी त्यांच्याकडून शिकले. पुस्तक उघडून शिकवणाऱ्या बाईला चिमटीत नट धरून शिकायला लागलं. हाताला येणारा डिझेलचा वास साबणानं जात नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो जायला नकोच होता. गावातल्या बायका दाराशी येऊन म्हणायच्या, म्हातारपणी हे काय खूळ. मी म्हणायची, तरुणपणी कुणी करू दिलं नाही म्हणून.

एक्सलचा तुकडा मिस्त्रींनी जिंतूरला लेथवर घडवून आणला. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची टाकली, ब्रेकच्या नळ्या नव्या केल्या, सेल्फसुद्धा बसवला. पुढं एका जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणी एक गृहस्थ मला म्हणाले, मॅडम, हिचं मूळपण घालवलंत तुम्ही. मी म्हणाले, मूळपणात हिला ब्रेक लागत नव्हते, तुम्ही बसता का पुढ्यात? पण हँडलचं भोक मी बुजवू दिलं नाही.

नवरात्र बसायच्या आधी एका दुपारी मिस्त्रींनी पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं आणि आतून टक् असा आवाज आला. हँडल पाव वेढा फिरलं. मी चहा आणायला गेले आणि साखर घालायची विसरले.

दसऱ्याला सकाळी अर्धं गाव गोठ्यासमोर. भावानं ट्रॅक्टरची पूजा केली होती, उरलेला झेंडूचा हार हातात होता. मिस्त्री सेल्फ मारायला बसत होते, मी त्यांना उतरवलं आणि भिंतीवरचं हँडल काढलं. त्यांनी एकच गोष्ट बजावली. अंगठा मुठीत आवळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे उलटं मारलं तरी मनगट वाचतं. एवढीशी गोष्ट. अप्पांना ती माहीत असणारच. दोन वाक्यांत सांगून झाली असती.

पहिल्यांदा इंजिन नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा हँडल उलटं आलं आणि माझ्या हातातून सुटलं, मनगट शाबूत. तिसऱ्यांदा गोठा धुरानं भरला आणि जीप चालू झाली. मी आत बसून उजव्या हातानं गिअर टाकला आणि ती दगडांच्या मधून, शेणाच्या फरशीवरून बाहेर अंगणात आणली. भावानं हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडल्यावर म्हणाला, "चालू झाली म्हणून तुजी झाली न्हाई आक्का. कागद अप्पाच्या नावावर हाय."

त्याचं खरं होतं. मी परभणीच्या आरटीओ कचेरीत जाऊन चौकशी केली. गाडी माझ्या नावावर करायची तर दुसऱ्या वारसानं लिहून द्यायला लागतं, की यावर माझा काही हक्क नाही आणि बहिणीच्या नावावर व्हायला माझी हरकत नाही. मी तो कागद करून घेतला. एक महिना भाऊ येतो येतो म्हणत राहिला. कधी सोयाबीन होतं, कधी पेरणी. शेवटी मी माझ्या हक्कसोडाची नक्कल पाकिटात घालून त्याला पाठवून दिली, माझ्या सहीखाली पेन्सिलीनं रेघ मारून. चिठ्ठी काही घातली नाही.

पुढच्या सोमवारी तो आला. कचेरीत त्यानं कागद सावकाश, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मी वाचू दिला. मग त्यानं विचारलं, कुठं करायची? मी बोटानं दाखवलं.

त्याला घेऊन मी रसवंतीत गेले. रस पिऊन झाल्यावर पिशवीतून टॉवेल-टोपी काढली, टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. त्यानं टॉवेलचं टोक चाचपलं आणि माझ्याकडं बघितलं.

"एवढंच व्हय, आक्का?"

"मलाबी एवढंच मिळालं होतं," मी म्हणाले.

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून घडी घातली आणि मांडीवर ठेवला. टोपी मात्र त्यानं काढली नाही.