शिट्टीवाले गुरुजी

रक्तात साखर निघाल्यापासून मी रोज सकाळी पळतो. पळतो म्हणजे काय, बावन्न वर्षांचा जिल्हा परिषदेचा मास्तर जितका पळेल तितका. बायको म्हणते, तुमच्यापुढं दूधवाला पायी निघून जातो. लोह्यातून नांदेडच्या रस्त्याला लागायचं, दोन-अडीच किलोमीटर जायचं आणि परत यायचं. मला यात कसलाही आनंद नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून जातो आणि आल्यावर दिवसभर वर्गात जांभया देतो.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी सांगितली नव्हती. साखरेची नवी गोळी सुरू झाली की पोटाचा भरवसा राहत नाही. दिवाळीनंतरच्या एका सकाळी, घरापासून अगदी लांबच्या टोकाला पोचलो आणि पोटात कळ आली. आधी वाटलं, जिरेल. जिरली नाही. घाम फुटला, तोही गार. घरापर्यंत आपण टिकत नाही, हे परत फिरल्यावर पन्नास पावलांतच कळलं.

आडोसा शोधू लागलो. रस्ता रुंद करताना कडेच्या बाभळी तोडलेल्या. सोयाबीन निघालेलं, हरभरा वीतभर. पेट्रोल पंपावरच्या संडासाला कुलूप, किल्ली मालकाकडे आणि मालक नऊला येणार. पंपावरच्या माणसाने हे सगळं सावकाश, नीट समजावून सांगितलं. मी पाय जुळवून ऐकत होतो. "सर, जाऊ का?" म्हणणाऱ्या पोरांना मी आजवर किती वेळा "थांब जरा" म्हटलं असेल, ते तेव्हा आठवलं.

पंपामागे वस्ती होती. पहिल्याच घरापुढे एक म्हातारी अंगण झाडत होती. मी लाज गुंडाळून ठेवली आणि विचारलं, "मावशी, संडास आहे का?"

तिने झाडू थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मीही तिला ओळखलं.

काही वर्षांपूर्वी वरून आदेश आला होता. उघड्यावर बसणं बंद करायचं, आणि त्यासाठी शिक्षकांनी पहाटे गावोगाव पथकात जायचं. पथकाचं नाव गुड मॉर्निंग. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, कुणी डबा घेऊन निघालं की शिट्टी वाजवायची, हातात गुलाबाचं फूल द्यायचं आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. आमच्यातले बरेच जण नुसतेच जांभया देत उभे राहायचे. मी मनापासून शिट्टी वाजवायचो. लोकांना वळण लागेल असं मला खरंच वाटायचं. या बाईला मी दोनदा अडवलं होतं. दुसऱ्यांदा तर तिच्या हातातला डबा घेऊन पाणी ओतून दिलं होतं, आणि ती मुकाट्याने माघारी गेली होती. कशी गेली असेल, हे मला आत्ता कळत होतं.

"ते शिट्टीवाले गुरुजी न्हवं का तुम्ही?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायलाही वेळ नव्हता.

"संडास हाय की. पर त्यात गोवऱ्या भरल्यात. खड्डा कवाच भरला, अन् नळाला पाणी आठ दिसानं येतंय." तिने पुन्हा माझ्या तोंडाकडे बघितलं. "लई घाईत दिसून राहिले. थांबा."

मला वाटलं, आता ही बाई वस्ती गोळा करणार. तिने केली असती तरी मला काही म्हणता आलं नसतं. ती रांजणाकडे गेली, पत्र्याचा डबा भरून आणला आणि माझ्या हातात दिला. गोठ्यामागे डोक्याइतकी वाढलेली तूर होती.

"तिकडं तुरीत जा. मी वाटंवर बसते. कुणाला यिऊ देत न्हाई."

मी गेलो. तुरीत बसलो असताना बांधावरून कुणा बाईची चाहूल लागली आणि मी आणखी खाली वाकलो. पाठोपाठ म्हातारीचा आवाज आला, "तिकडून जा गं बाई. इकडं पाव्हणे हायती."

परत आलो तर तिने साबणाची वडी काढून ठेवली होती. माझ्या हातांवर पाणी तिनेच घातलं. मला माफी मागायची होती. वर्गात तास तासभर बोलणारा माणूस मी, पण मान खाली घालून हात चोळत राहिलो.

"रोज येता का इकडून?" तिने विचारलं.

"हो."

"मग लाजू नका. दारापुढं डबा भरून ठिवत जाते. ह्या वयात धरवत न्हाई, मला ठावं हाय."

"येतो मावशी," एवढंच मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी लातूरच्या बाजूला पळायला जातो. तिने किती दिवस डबा भरून ठेवला, हे विचारायला जायची हिंमत मला अजून झालेली नाही.