कर्द्याच्या वाळूत सासऱ्यांची जीप

समुद्र बघायला जाताना घरून पिंपभर पाणी न्यावं लागतं, असं आमच्या आईचं ठाम मत होतं.

तिची काही चूक नव्हती. दुष्काळ नुकताच सरला होता आणि वरवंडला आमच्या विहिरीत पाण्यापेक्षा दोर जास्त दिसायचा. त्यामुळे घराबाहेर पडायचं म्हणजे पाणी बरोबर हवंच. मी म्हणालो, "आगं आये, समुद्र म्हंजी पाणीच असतंय समदं!"

"आसंल. पन दुसऱ्याचं हाय त्ये," आई म्हणाली. पिंप जीपमध्ये चढलं.

जीप माझ्या सासऱ्यांची, शिरूरची. देताना त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "जावईबापू, एक लेक तुमाला दिलीच हाय. आता ही दुसरी देतोय. हिला नांदवायची न्हाई, परत आनायची." शेजारी उभी असलेली पहिली लेक, म्हणजे माझी बायको शकू, हे ऐकून जीपकडे सवतीसारखी बघायला लागली.

चौथे होते आप्पामामा. आईचे थोरले भाऊ. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं, आता शेती; पण खांद्यावरचं घोंगडं आणि हातातली काठी काही सुटली नव्हती. मामांना समुद्राची बिलकूल हौस नव्हती. बहिणीला एकटं कसं सोडायचं, म्हणून ते आले होते. (मी आणि शकू बरोबर होतो, पण आम्हाला ते मोजत नसत.)

सुगी उरकून आम्ही निघालो. भोरवरून घाट उतरून महाड, तिथून मंडणगड, आणि पोहोचलो केळशीला. घाटात आईनं आणि मामांनी आळीपाळीनं मला गाडी थांबवायला लावली. कारण सांगत नाही. केळशीच्या विहिरीवर एका बाईनं आईला कळशीभर पाणी दिलं. आईनं चव घेतली, आणखी एक ओंजळ घेतली, आणि आमचं पिंप एका माडाच्या बुंध्याशी ओतून टाकलं!

तिथून पुढं चार दिवस नुसतं सुख. केळशी, आंजर्लं, हर्णै, मुरूड. मध्ये खाडी आडवी आली की लांबचा वळसा. लाल मातीचे रस्ते, दोन्ही बाजूंना पोफळी, आणि कुठंही माणसांची घाई नाही. आमच्याकडं यवतच्या बाजारात एका मिनिटात जेवढा आरडाओरडा होतो, तेवढा त्या गावांत वर्षभरात होत नसेल. दुपारी तर कुत्रीसुद्धा भुंकायचं पुढं ढकलत. आई प्रत्येक गावी समुद्राला हात जोडायची. मामा मात्र पाण्यापासून दहा हात लांब, काठी रोवून उभे. "लई हालतंय," एवढंच त्यांचं म्हणणं.

पाचव्या दिवशी, अमावास्येला, सकाळी सकाळी आम्ही कर्द्याला पोहोचलो. किनारा असा सपाट, की माझ्यातला शेतकरी वेडा झाला! ना बांध, ना ढेकूळ. ओली वाळू टणक. समुद्र लांब कुठं तरी शांत पडलेला. मी जीप सरळ वाळूत घातली आणि सुसाट नेली.

"आवो, हळू!" शकू ओरडली.

"काय व्हतंय? आपल्या पुना-सोलापूर रोडपेक्षा झ्याक हाय!"

आईचे गुडघे दुखत होते, म्हणून मी जीप पार पाण्याच्या कडेला नेऊन, तोंड समुद्राकडे करून लावली. म्हणजे तिला बसल्या जागी दिसावं. (इतका विचार मी आयुष्यात कधीही केला नव्हता. केला नसता तरी चाललं असतं.)

तेवढ्यात जाळं खांद्यावर टाकून एक म्हातारे गृहस्थ आले. पांडूतात्या त्यांचं नाव, हे नंतर कळलं. ते म्हणाले, "पाव्हणं, गाडी वर घ्या. भरती हाय."

आता आमच्या दौंड-शिरूरकडे भरती म्हटलं की ती एकच. पोलिसांची नाही तर लष्कराची! भूगोलात मी भरती-ओहोटी शिकलो होतो, पण पुस्तकातली गोष्ट पुस्तकातच राहते अशी माझी समजूत होती. शिवाय मोकळं मैदान समोर होतंच, पोरं पळवायला याहून चांगली जागा कुठली?

मामांचे तर कानच टवकारले. त्यांचा पोरगा नामदेव दोनदा भरतीतून परत आला होता.

"कवा हाय भरती?" मामांनी विचारलं.

"ही काय, सुरूच झाली. दुपारपर्यंत पुरी."

"उंची किती लागती?"

तात्या जरा चकित झाले. "आज अवस. पुरुषभर तरी व्हईल."

"पुरुषांचीच हाय म्हन," मामा मला म्हणाले. मग पुन्हा तात्यांना, "आन् छाती?"

"छातीचं काय घेऊन बसलाव? डोक्यावरनं जाईल!"

मामांचा चेहरा पडला. "लई कडक हाय हितली," ते पुटपुटले.

शकू हळूच म्हणाली, "आवो, मला वाटतंय ते दुसरंच कायतरी म्हनत्यात."

"तू गप. पुरुषांच्या भरतीतलं तुला काय कळतंय?" मी म्हणालो, आणि तात्यांना ऐटीत सांगितलं, "येऊ द्या हो! आमची काय आडकाठी न्हाई. जाऊ द्या गाडीच्या दोन्ही अंगानं!"

तात्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा जीपकडे पाहिलं, "तुमची मर्जी" म्हणाले आणि निघून गेले.

आई म्हणाली, "जावा तुमी, मी बसते हितंच." आम्ही तिघं वर माडांच्या सावलीला गेलो. शहाळी प्यालो, भाकरी खाल्ली. वारा असा गोड, की मी आडवा झालो. मामांनीही घोंगडं अंथरलं, पोरं पळायला लागली की उठवा म्हणाले आणि घोरू लागले. शकू शिंपले वेचत लांब गेली.

जाग आली ती शकूच्या हाकेनं. ती पळत येत होती. "आवो, उठा! समुद्र बघा कुठं हाय!"

"आसंल की तिथंच."

"तिथं न्हाई, हितं!"

मी उठून बसलो. जिथं मघाशी मैदान होतं, तिथं समुद्र होता. आणि समुद्रात, बरीच आत, सासऱ्यांची जीप! तिच्या सीटवर पाय वर घेऊन माझी आई बसलेली. लाटा मागं सरकत होत्या आणि आई ओरडत होती, "दामू! आरं गाडी चाललीया! कोन चालवतंय हिला?"

खोटं कशाला सांगू, क्षणभर पाय हललेच नाहीत. पण चार दिवस ज्यांनी पाण्याला अंगठासुद्धा लावला नव्हता, ते आप्पामामा काठी फेकून धावत सुटले! "बायडे, हालू नगंस! आलो!" कमरेएवढ्या पाण्यात ते जीपपाशी पोहोचले, ओढ्याच्या पुरात मेंढरू खांद्यावर घ्यावं तशी बहीण मानेवर घेतली आणि वळले.

"दादा, भाकरीचं गठुडं ऱ्हायलं!" आई वरून ओरडली.

"आता गप ऱ्हातीस का टाकू खाली?"

मीही शूर झालो. उशिरा झालो, पण झालो. जीपमध्ये चढून चावी फिरवली. इंजिननं एक मोठी गुळणी केली आणि मौन धरलं. पुढच्या लाटेसरशी माझ्या मांडीवर एक खेकडा येऊन बसला. आम्ही दोघंही समोर बघत राहिलो.

शकूनं वाडीत धूम ठोकली आणि तात्यांना गाठलं. तात्या दोर घेऊन आले, मागं अर्धी वाडी. बायासुद्धा पदर खोचून. होड्या ओढायची सवय, त्यांनी जीपला मागून दोर बांधला आणि "हय्या हो!" म्हणत जोर लावला. जीप हलेना. पुन्हा जोर. हलेना. शेवटी तात्या माझ्यापाशी येऊन अदबीनं म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही उतरता का आधी?"

मी उतरलो. जीप सुटली!

किनाऱ्यावर सगळे धापा टाकत बसले. तात्यांनी हसू दाबत विचारलं, "मग? आली का भरती?"

मामा धोतर पिळत म्हणाले, "आली. आमच्या नामदेवाला न्हाई जमायची ही."

तेव्हा कुठं तात्यांना सकाळच्या छातीचा आणि उंचीचा उलगडा झाला. ते जे हसायला लागले, ते वाळूत आडवे झाले. मग सगळी वाडी हसली. आईसुद्धा. मी सोडून.

दापोलीचा मिस्त्री येऊन इंजिन सुकवीपर्यंत आम्ही तात्यांच्याच घरी राहिलो. जीपच्या सीटा त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बोंबलांशेजारी वाळत पडल्या. तात्यांच्या कारभारणीनं आईला तांदळाची भाकरी शिकवली, आईनं तिला ज्वारीची. संध्याकाळी दोघी ओसरीवर बसून आपापल्या मुलांच्या मूर्खपणाच्या गोष्टी सांगत. तिच्याकडे तीन मुलगे होते, पण आईनं एका मुलावर तिला हरवलं. मामा रोज पाण्याच्या कडेला जाऊन समुद्राशी ओळख वाढवत होते. इतकं निवांत आम्ही ना आधी कधी राहिलो, ना नंतर.

शिरूरला जीप पोहोचली तेव्हा तिच्यामागं आळीतली तीन मांजरं होती. सासऱ्यांनी दार उघडलं, सीटचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तेवढ्यात आई कौतुकानं म्हणाली, "पाव्हणं, लोक समुद्रापाशी जात्यात. माज्या दामूनं समुद्रच गाडीपाशी आनला!"

आता मला गावात सगळे आण्णा म्हणतात, मान देतात. लग्नकार्याला पाहुण्यांच्या गाड्या आल्या की कुणी ना कुणी मला हाताला धरून नेतं. "आण्णा, तुमी गाडी कुठं लावली आसती?"

मी नीट विचार करून जागा दाखवतो. मग ती तेवढी सोडून बाकी सगळीकडे गाड्या लागतात!