श्वासाची पाळी

मला बायकांच्या जनरल वॉर्डातून काढून नव्या अतिदक्षता खोलीत टाकलं, तेव्हा मी मेट्रनबाईंशी चांगली हुज्जत घातली होती. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वॉर्डात कशी जत्रा असायची. खाटेखाली नातेवाईक, खिडकीत वाळत घातलेली लुगडी, कोणी मुरमुरे खातंय, कोणी भांडतंय. मी दिवसभर बोलायची. औषध गीळ, पाय हालव, नवऱ्याला शिव्या नंतर दे. रागावणं हेच माझं अर्धं नर्सिंग होतं.

नव्या खोलीत चार खाटा, हृदयाची रेघ दाखवणारं एक यंत्र, ऑक्सिजनचे सिलिंडर, आणि दार बंद. नातेवाईकांना मनाई. बोलायचं कोणाशी? पेशंट बहुधा बेशुद्धच. तरी माझं तोंड काही थांबेना. 'आता कूस बदलते हं, अंग सैल सोड,' असं मी बेशुद्ध माणसालाही सांगायची, आणि बरोबरच्या सिस्टर हसायच्या. हसोत बापड्या.

धान कापणीच्या दिवसांत बपेरा गावाकडची एक तरणी बाई आणली. भुईवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली होती. मण्यारीचा दात उमटलेला दिसत नाही, सूज येत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटलं, पोटात दुखतंय. मग जीभ जड झाली, पापण्या पडल्या, श्वास थांबत आला, तेव्हा ट्रकमध्ये घालून घेऊन आले. डॉक्टरांनी घशात नळी घातली, सापाच्या विषावरची इंजेक्शनं सुरू केली. श्वास देणारं यंत्र आमच्याकडे कुठलं? नळीला रबरी पिशवी जोडायची आणि ती हाताने दाबत राहायची. दाबली की छाती वर, सोडली की खाली. हात थांबला की माणूस गेला. आम्ही होतो मोजक्या, हात भरून येत. शेवटी तो मनाईचा नियम गुंडाळून ठेवला आणि घरच्यांच्याच पाळ्या लावल्या. नवरा, सासू आणि त्या बाईची आई. सासूने तर ढेकीवर धान कांडावं तशी लय धरली.

दुसरा दिवस उजाडला तरी बाईची पापणी हलेना. बाहुल्या मोठ्या, बॅटरी मारली तरी तशाच. हात उचलून सोडला की धपकन खाली. दुपारी तिचा भाऊ आला, हातात कोरं हिरवं लुगडं. आईनेच मागवलं होतं. सवाष्ण बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. आईने ते लेकीच्या अंगावर पसरलं, कपाळाला कुंकू लावलं, मूठभर तांदळांनी ओटी भरली. पिशवी सासूच्या हातात होती. हे सगळं चाललं असताना ती दाबतच होती.

मग आई मला म्हणाली, "बाई, बंद करा आता. माह्या पोरीचे हाल नोका करू. तिले कुंकवानं जाऊ द्या, आपल्या घरून जाऊ द्या."

नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. सासू माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी पुन्हा एकदा बाहुल्या पाहिल्या आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, बहुतेक उपयोग नाही." मला असा संताप आला म्हणून सांगू. त्या माउलीचा नव्हे, तिचं काळीज तुटत होतं, ते मला दिसत होतं. त्या लुगड्याचा आला. मी खाटेच्या पायथ्याशी गेले आणि वॉर्डात ओरडायची तशी ओरडले, "ए पोरी, ऐकतेस का? तुझी माय तुला न्यायला निघाली आहे. जायचं नसेल तर पायाचा अंगठा हालव."

अंगठा हलला. इतकासाच.

"शीर उडाली असन," आई म्हणाली. डॉक्टरांनी स्वतः सांगून पाहिलं. पुन्हा हलला. दोनदा सांगितल्यावर दोनदा हलला. त्यानंतर आईने पाळी धरली की बोटं सुजेपर्यंत सोडेना. सुनेची आई आहे म्हणून सासूने मागे सरावं, तर सासूही हटेना.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. वॉर्डात इतकी वर्षं मी काय काय पाहिलं होतं. साप चावलेल्या बायका, श्वास थांबलेल्या, बाहुल्या मोठ्या झालेल्या. मी त्यांचे डोळे मिटले होते, हनुवटी बांधली होती. "हिचं आटोपलं, चादर आणा," असं त्यांच्या उशाशी उभं राहून मोठ्याने म्हटलं होतं. तेव्हा घशात घालायला नळी नव्हती, पिशवी नव्हती, मग करणार तरी काय होतो? हे मी स्वतःला समजावते. पण त्या बायका समजावू देत नाहीत. आजही दिसतात त्या. मेलेल्या नाही दिसत, ऐकत असलेल्या दिसतात.

ही मात्र वाचली. आधी पापणी उचलली, मग मान, मग एके सकाळी नळी काढली. घरी सोडायच्या दिवशी आईने मला व्हरांड्यात गाठलं. पदर तोंडाला लावलेला. "बाई, मी म्हटलं ते तिले आयकू आलं असन का?"

"छे," मी म्हटलं. "त्या अवस्थेत माणसाला काही कळत नसतं."

तिने माझे दोन्ही हात धरले आणि मोकळी होऊन रडली.

मी आत गेले. पोरगी खाटेवर बसून केस बांधत होती. आवाज अजून बसलेलाच होता.

"माय पुसत होती ना? नाही म्हटलं ते बरं केलं. मले समदं आयकू येत होतं, बाई. पिशवी कोणाच्या हातात हाये तेबी समजे. नवऱ्याचा हात घाईचा. सासूचा बराबर. मायची पाळी आली का मले लय भेव वाटे. मी आतल्या आत म्हनो, माय, सोडू नोको."

मग ती उठली. पाय अजून लटपटत होते, म्हणून आईच्याच खांद्यावर हात टाकून बाहेर गेली.