सांध्याखालचा गुलाब

१२ जानेवारी १९५८, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. गुलाबाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दादरच्या घरातून निघालो. झाड माझ्या दिवंगत पत्नीचे. आमच्या लग्नात तिच्या माहेरच्या शेजारीण, गिरगावच्या खोताच्या वाडीतल्या मेरीबाई, यांनी कलम करवून दिलेले. पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली. तेव्हापासून झाडाला फूल नाही. या जातीचे दुसरे झाड कोठे उरले आहे का, हे पाहायचे होते.

गिरगावात मेरीबाई व्हरांड्यातच बसल्या होत्या. वय नव्वदीच्या घरात. त्यांनी फांदी हुंगली.

"हा आमचा नाय, जावईबापू. आमचा तर कवाच वाळला. परळच्या गोविंद माळ्याला विचारा, त्याच्या बापानं कलम बांधलेला. चाय घेता?"

नको म्हणालो. मग घेतली.

लालबागला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाने ट्राम अडली. उतरून चालू लागलो. एक गिरणी कामगार ओरडला, "आजोबा, घोषणा द्या की! फुलं कुणाला?"

"फुले नाहीत."

"मग नुसते काटे? आपलेच हायसा तुमी!"

परळला गोविंदाने एका पानातली दले मोजली. "सात. त्या गुलाबाला पाच असतात. काका, हा खुंट, ज्यावर कलम बांधतात ते रानटी झाड. छाटणी कुणी केली?"

"मी."

"कुठून?"

जमिनीपासून चार बोटे दाखवली.

"सांध्याच्या खाली! कलम तेव्हाच गेलं."

छाटणी पत्नी करीत असे. मी कधी विचारले नाही. तीन वर्षे रोज पाणी घातले ते दुसऱ्याच झाडाला.

मूळ गुलाबाचे कूळ विचारले. "आई देशी, वासाची. बाप चिनी, असं आमचे बाबा म्हणायचे. खरं मधमाशीला ठाऊक."

त्याच जातीचे एक मरतुकडे झाड त्याच्या मागील दारी पत्र्याच्या डब्यात होते. त्याने एक काडी कापली. "दोनच डोळे, कोंब फुटायच्या जागा, जिवंत आहेत. खुंट तुम्ही जोमात ठेवलाय, त्याच्याच सालीत डोळा भरा. आजच. मी येऊ?"

"नको. दाखवा."

त्याने दुसऱ्या फांदीवर दोनदा करून दाखविले.

चारला घरी पोचलो. कुलूप काढले. पहिला डोळा सोलताना फाटला. जिच्या हाताखाली हे शिकता आले असते, तिच्याजवळ चाळीस वर्षे राहिलो. दुसरा डोळा सालीखाली बसला. केळीच्या सोपटाने बांधला, कोंब उघडा ठेवला, आणि चाकू धुऊन पुसून ठेवला.