रिकामी गाडी खोटं बोलती

“रिकामी गाडी खोटं बोलती. चढा सगळे! काचा वर!”

मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर उंच धरून असे म्हणाले की आमचे अख्खे घर निमूटपणे मोटारीत चढून बसे. मुलांनो, जायचे कुठेच नसे. मोटार आमच्या राजेश्वर गावच्या सडकेवर, मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडसमोर, जागच्या जागी उभी. पुढे अप्पा, म्हणजे माझे वडील. शेजारी फेटा सावरत काका. मागे आत्या आणि आत्याचा पितळी तांब्या. येणारे-जाणारे थांबून काचेवर टकटक करत.

“अक्का, कुठं निघालाव?”

“कुठंच न्हाई,” आत्या आतून ओरडे, “बसलोय!”

ते हैदराबाद राज्याचे दिवस. अप्पांनी मोटार घेतली तीच म्हातारी झाल्यावर. महिन्यातून एकदा तिच्या कार्बोरेटरमधले पेट्रोल आणि हवेचे प्रमाण बिघडे. मिस्त्री बॉनेट उघडत, इंजिन चालू ठेवत आणि डोळे मिटून घेत. एक छोटा स्क्रू टेकेपर्यंत हलकेच आत घ्यायचा, मग दीड फेरा बाहेर, आणि तिथून पुढे पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, निव्वळ कानाने.

“काळा धूर सोडायली म्हंजे पोट फुगलंय. शिंकायली म्हंजे उपाशी हाय,” ते सांगत. “भुकेपुरतं द्यायचं. बास.”

बाहेर उभे राहायची परवानगी एकट्या मला होती. “तू ऱ्हा पोरी. तू गप असतीस,” एवढेच कारण त्यांनी दिले होते. एकदा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. “ह्या स्क्रूची स्प्रिंग ढिली झालीय. खड्ड्यात आपला आपण फिरतो. वाटंत बिघडलं तर तूच बघायचं.”

आणि ते वाटेतच बिघडले, तेही माझ्या मॅट्रिकच्या दिवशी.

इंग्रजीचा पेपर, गुलबर्ग्याला, सकाळी अकराला. आदल्या दिवशी अमावस्या, म्हणून आत्याने कोणाला उंबरा ओलांडू दिला नव्हता. पहाटे निघालो. मला सोडून बाकीचे गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला जाणार होते. पेपर चुकला तर काय, हेही घरात ठरलेले होते: आत्याने पाहून ठेवलेला मुलगा आणि येत्या वैशाखातला मुहूर्त.

हुमनाबादच्या पुढे एक बैलगाडी आडवी आली. अप्पांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि मोटार शिंकून बंद पडली. हँडल मारले, सुरू झाली. पाय उचलला, बंद. चौथ्या वेळी सगळे खाली उतरले आणि सल्ले सुरू झाले.

“पेट्रोलात पाणी हाय,” काका म्हणाले.

“कामून नारळ फोडला न्हाई?” आत्या म्हणाली.

अप्पा दोघांवर ओरडले. बैलगाडीवालाही उतरून इंजिनात डोकावू लागला. मी घड्याळ पाहिले, साडेआठ. आणि माझ्या तोंडून मिस्त्री बोलले, “रिकामी गाडी खोटं बोलती! चढा सगळे! काचा वर!”

सगळे चढले. बैलगाडीवालाही चढला!

मी गाडीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्क्रू हलकेच टेकवला, दीड फेरा सोडला. अप्पांनी उतरून हँडल मारले आणि पळत जाऊन पुन्हा आत बसले. मी डोळे मिटले. पाव फेरा, शिंकली. पुन्हा पाव; आणि ती अशी गुरगुरू लागली, जणू मांजर उन्हात पसरलंय. मी सडकेवर दोन्ही हात वर करून नाचले. काचेआडून आत्याही टाळ्या वाजवत होती, वैशाखातला मुहूर्त विसरून.

अकराला दहा कमी असताना मी बाकावर बसले. ग्रीसचा काळा अंगठा उत्तरपत्रिकेवर उमटला आणि तसाच राहिला.

परत आल्यावर मिस्त्रींना विचारले, “गाडी भरली की आवाजात फरक काय पडतो हो?”

“काय बी न्हाई.”

“मग?”

“अगं, मालक ह्या कानात सांगायलेत, काका त्या कानात, अक्का पाठीमागून. मला इंजन कधी ऐकू यावं? आत कोंडलं की झालं!” ते इतके हसले की त्यांना शेडच्या खांबाला धरावे लागले. “पण मालकाला बोलू नकोस हां.”

मी बोलले नाही. अप्पांचा त्या शास्त्रावर इतका विश्वास की त्यांनी ते आसपासच्या साऱ्या मोटारवाल्यांना शिकवले. दर बाजाराच्या दिवशी शेडसमोर एकतरी मोटार माणसांनी ठासून भरलेली, घामाघूम, काचा वर करून उभी दिसे.

परवा नवा फोन हातात देऊन तुम्ही चौघे एकदम मला कुठले बटण दाबायचे ते सांगत होतात आणि मी “चढा सगळे!” म्हणाले. आजीला काय झाले, असे तुम्ही एकमेकांकडे पाहिलेत. म्हणून हे लिहिले.

हैदराबाद राज्य वाटले गेले तेव्हा आम्ही लातूरला आलो. मिस्त्री आणि काका तिकडेच राहिले. पुढे काकांचे पत्र आले. मिस्त्री जेवायला म्हणून घरी गेले आणि तिथेच वारले. शेडसमोर मोटार बॉनेट उघडून उभी, आत सहा माणसे, काचा वर. निरोप आला तरी बराच वेळ कोणी खाली उतरले नाही.