रुसूभाऊ बेटावर रुसतात

"मी तं काही बोलूनच नाही राहिलो."

हे वाक्य कानावर आलं की आमच्या लेआऊटमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, बाया हातातलं काम ठेवून मांडवाच्या दाराकडे बघायच्या. कारण यानंतर हे गृहस्थ गळ्यातला दुपट्टा काढायचे, झटकायचे, डोक्याला गुंडाळायचे आणि लग्न सोडून चालू लागायचे. लग्न म्हटलं की कोणीतरी रुसणारच, ते तुम्हीही पाहिलं असेल. पण बाकीचे लोक प्रसंग पडला तर रुसतात. हे घरूनच ठरवून यायचे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाठीमागे आम्ही सगळे त्यांना रुसूभाऊ म्हणायचो.

नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर ते सुपरवायझर होते. दिवसभर ट्रकवाल्यांच्या शिव्या खाऊन हा माणूस हसत घरी यायचा. रुसवा सगळा लग्नांसाठी राखून ठेवलेला. मौद्याच्या लग्नात व्याह्यांना चहा कपबशीत आला आणि यांना कागदी कपात, म्हणून रुसले. खाप्याला फोटोत बोलावलं नाही म्हणून थेट कन्हान नदीच्या काठावर जाऊन बसले. तो काठ मांडवातून दिसतो याची खात्री मात्र आधी करून घेतली होती. दिसेल इतक्याच अंतरावर रुसायचं, आणि पंगत उठायच्या आत परतायचं, हे दोन नियम त्यांनी कधी मोडले नाहीत.

त्यांना परत आणायचे ते दादा. दादा म्हणजे माझे शेजारी आणि रुसूभाऊंचे शाळेपासूनचे मित्र. दुसरं कोणी गेलं तर रुसूभाऊ तोंड फिरवायचे. दादा नुसते शेजारी जाऊन बसायचे, झाल्या गोष्टीचा विषयच काढायचे नाहीत. पाऊसपाण्याचं बोलायचे आणि उठता उठता म्हणायचे, "चाल गा, वांग्याची भाजी संपून राहिली." की निघाले हे मागोमाग. एकदा मी दादांना विचारलं, "कंटाळा नाही येत तुम्हाला?" ते म्हणाले, "थो माह्या भरवशावर रुसते, बाई. मी नाही गेलो तं बसल्या जागी म्हातारा होईल."

मागच्या वर्षी दादा गेले. दवाखान्यात मित्राचा हात धरून म्हणाले होते, "पिंटूच्या लग्नात तू समोर राहजो." पिंटू म्हणजे त्यांचा एकुलता एक. नोकरीला स्कॉटलंडात गेला आणि तिथलीच मुलगी पसंत केली. तिचं नाव कॅट्रिओना, पण आमच्या लेआऊटमध्ये पोचेपर्यंत त्याची 'कात्री' झाली. लग्न कात्रीच्या गावी, म्हणजे दूर समुद्रातल्या एका बेटावर, जिथे माणसं कमी आणि मेंढ्या फार. वहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला, एकट्यानं जायचा धीर होईना, म्हणून सोबतीला मी. आणि समोर राहायला रुसूभाऊ, नागपुरात बर्डीच्या बाजारात शिवलेला नवा सूट घालून, वर दुपट्टा.

बोटीवर ट्रक चढताना पाहून त्यांनी तिथल्या माणसाला वऱ्हाडीत दोन सूचना केल्या. त्यानंही मान डोलावली. मी वहिनींच्या कानात म्हटलं, "आणि हे तिथं रुसले तर?"

"रुसून जातील कुठं?" वहिनी म्हणाल्या. "चहूकडं पाणी."

लग्न गावच्या शाळेच्या हॉलमध्ये होतं. कात्री पांढऱ्या झग्यात आली तसे वहिनींचे डोळे भरले. वहिनींकडे बौद्ध पद्धतीनं लग्नं होतात आणि नवरी पांढरंच नेसते. "पहा वं, आपल्यातलीच दिसते," त्या मला म्हणाल्या. तिथवर सगळं सुरळीत चाललं होतं.

मग जेवणं निघाली. तिथे पंगत नव्हती, टेबलं मांडलेली आणि प्रत्येकाच्या जागी नावाची चिठ्ठी. वहिनी समोर, नवरीच्या आईवडिलांजवळ. वहिनींच्या बाजूची खुर्ची रिकामी, तिच्यावर रानफुलांचा जुडगा. आणि रुसूभाऊंची चिठ्ठी पार मागे, माझ्या आणि कात्रीच्या एका बहिऱ्या आजीच्या मधे. आजीला त्यांचा दुपट्टा आवडला होता. ती त्याचं टोक बोटांनी चाचपून बघत होती. पण रुसूभाऊंचं लक्ष समोर.

"बाई, थे खुर्ची रिकामी हाय," ते मला म्हणाले. "वरून फुलं. कोण्या मंत्र्याची वाट पाहून राहिले का?"

"कोणास ठाऊक," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"दादा मले समोर राह म्हणे. अन हे मले मांगं बसवून राहिले. जाऊ द्या. मी तं काही बोलूनच नाही राहिलो."

दुपट्टा आजीच्या हातून सुटला आणि डोक्याला गेला.

हॉलच्या खिडकीतून दिसेल अशा दगडी कुंपणावर ते जाऊन बसले, एका मेंढीच्या शेजारी. बाहेर वारा असा की पाऊस आडवा पडत होता. आतल्या लोकांना वाटलं, पाहुण्याला आपलं बेट फार आवडलं. एकजण जाता जाता त्यांना अंगठा दाखवून गेला. दुसऱ्यानं खिडकीतून हात हलवला. माणूस एकटा जाऊन बसला तर त्याला एकटं बसू द्यावं, अशी तिथली सभ्यता. रुसूभाऊंची सगळी विद्या फुकट गेली. मला आधी हसू फुटलं, आणि मग एकदम भरून आलं. कारण रुसूभाऊ सारखे हॉलच्या दाराकडे बघत होते, आणि त्या दारातून यायचा तो माणूस आता नव्हता.

मी उठेपर्यंत वहिनीच बाहेर पडल्या. त्यांची शाल घेऊन मी मागे धावले.

मला वाटलं, आता वहिनी मनधरणी करतील. पण त्या कुंपणावर त्यांच्याशेजारी बसल्या आणि समोर बघत म्हणाल्या, "भाऊजी, ती खुर्ची यांची आहे. कात्रीनं यांच्यासाठी रिकामी ठेवली. इकडं तशी रीत आहे म्हणे."

रुसूभाऊंनी डोक्याचा दुपट्टा सोडला.

"पोरगी मनानं चांगली आहे. पण त्या खुर्चीजवळ माह्या घशाखाली घास उतरून नाही राहिला," वहिनी म्हणाल्या. "म्हणून मीही इथंच बसते. रुसली मी. पोट्ट्याच्या लग्नात मले एकटं टाकून गेले ते. मग मी काहून रुसू नये?"

रुसूभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. उभ्या जन्मात दुसऱ्याचा रुसवा काढायची वेळ या माणसावर आली नव्हती. त्यांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी शाल वहिनींच्या खांद्यावर टाकली आणि मुद्दाम मेंढीकडे बघत राहिले.

"वहिनी, मले मनवता नाही येत जी," ते म्हणाले.

"मग बसा."

बसले बिचारे. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "थो मले समोर राह म्हणे, अन मी इथं येऊन बसलो. चुकलंच माह्यं. मी बसतो त्या खुर्चीत. तुमी फक्त दोन घास खा."

वहिनी उठल्या.

फुलं मांडीवर घेऊन रुसूभाऊ दादांच्या खुर्चीत बसले. कात्री स्वतः त्यांचं ताट घेऊन आली. वहिनींनी उकडलेला बटाटा काट्यानं फोडला, दोन घास खाल्ले, आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला.

तर इकडे माझ्या टेबलावर नवीनच प्रकरण. बहिऱ्या आजीनं ताट दूर सारलं, हाताची घडी घातली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. शेजारचा पाहुणा दुपट्ट्यासकट पुढे निघून गेला होता ना. तिच्या घरचे म्हणाले, दमली असेल, राहू दे तिला. पण रुसलेलं माणूस रुसूभाऊंना हॉलच्या त्या टोकावरूनही ओळखू येणारच. त्यांनी फुलं वहिनींच्या हातात दिली आणि उठून आले. आजीशेजारी बसून तिला नागपूरचं ऊन सांगितलं, वाडीचे ट्रक सांगितले. तिला त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नसेल. मग त्यांनी चमच्यात केक घेतला आणि तिच्या तोंडापुढे धरला. तिनं मान हलवली. पहिल्या घासाला नाही म्हणायचं असतं, हे तिलाही माहीत होतं. यांनी चमचा तसाच धरून ठेवला. मग तिनं तोंड उघडलं.

समोरून वहिनी हे सगळं बघत होत्या. त्यांच्या बाजूची खुर्ची पुन्हा रिकामी झाली होती. त्या तिच्याकडे वळल्या, नवऱ्याला सांगावं तसं हळूच काहीतरी बोलल्या, आणि हसत हसत पुढचा घास घेतला.